केराच्या टोपलीतले बोंबील

सातपाटी, १४ ऑक्टोबर १९८८

आईने निखाऱ्यावर सुके बोंबील भाजले आणि मला गेल्या वर्षीचा जपानमधला शरद आठवला. मच्छीमार सोसायटीने प्रशिक्षणाला पाठवलेली मी, घरातली पहिली पदवीधर! घरमालकीण आजीच्या अंगणात बांबूंवर मासे वाळत होते, अगदी आपल्याकडच्यासारखे. तरी वासाची लाज वाटून आईने दिलेले बोंबील मी केराच्या टोपलीत टाकले. आजीने ते उचलले, भाजले आणि किसलेल्या मुळ्यासोबत भातावर वाढले. स्वतःही चाटूनपुसून खाल्ले. केराच्या टोपलीतले बोंबील...

"म्हातारीला आवडले का गो?" आईने आज पुन्हा विचारलं.

"काटा पन नाय ठेवला."

"मंग आनखी धाडू."

पुडकं बांधून तयार आहे. आजीने माझी लाज राखली. पण मी ते फेकले होते, हे आईला मलाच सांगायला हवं. उद्या पोस्टात तिलाही नेते, वाटेत सांगेन.