समुद्रफुलाच्या बरणीची वाटणी

मी, कांदिदा स्कोत्तो, कै. बियाजो स्कोत्तो यांची मुलगी, अविवाहित, राहणार पोत्झुओली बंदर, समुद्राच्या अभ्यासाच्या संस्थेत समुद्रातले जीव बरणीत जतन करण्याच्या कामातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचे नसते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ज्यांनी आजवर ते आणून पाहिले ते आपणहून दमले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

कलम पहिले. घर.

बंदरावरचे तिसऱ्या मजल्याचे दोन खोल्यांचे घर माझी भाची ओर्तेन्सिया हिला द्यावे. आमच्या गावची जमीन मनात येईल तेव्हा वर येते आणि खाली बसते, तेव्हा भिंतीला नवी भेग दिसली तर तिने माझ्या नावाने बोटे मोडू नयेत. जुन्या भेगा मला पाठ आहेत आणि त्या मी तिला दाखवल्या आहेत. खिडकीतल्या तुळशीसारख्या झाडाला, ज्याची पाने आपण टोमॅटोवर घालतो, रोज पाणी घालावे. ओर्तेन्सियाच्या नवऱ्याने त्यात सिगारेट विझवली तर घराबद्दल मी वरून फेरविचार करीन.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक.

त्यातून माझे अंत्यविधी करावेत. पेटी साधी असावी, बँडबाजा नको. उरेल ते ओर्तेन्सियाचे. मला कोणत्याही द्रवात बुडवून ठेवू नये. हा विनोद आमच्या संस्थेतल्या प्रत्येक नव्या माणसाने माझ्यासमोर केला आहे आणि तो मीच शेवटचा करते.

कलम तिसरे. हत्यारे.

माझे चिमटे, काचेच्या नळ्या, हंसाचे पीस आणि बारीक कात्र्या माझ्या जुन्या कामाच्या खोलीत परत द्याव्यात. जो कोणी तिथे आता बसतो त्याने त्या वापराव्यात. नेपल्सच्या नव्या संग्रहालयाच्या प्रमुख डॉक्टर बेनिनीबाई यांनी त्या काचेआड मांडण्यासाठी मागितल्या होत्या. बाईंचा मान राखून सांगते, हंसाचे पीस काचेआड गेले तर ते नुसते पक्ष्याचे पीस उरते. माझ्या हातात ते जेलीफिशच्या झालरीतला वाळूचा कण झालर न फाडता काढत असे. दुसऱ्या कोणाच्या हातून ते झालेले मी पाहिले नाही, आणि पाहण्याची इच्छाही नव्हती.

कलम चौथे. संग्रहालयाचा जन्मभराचा फुकट पास.

हा मला उद्घाटनाच्या दिवशी मानाने दिला गेला. तो खालच्या मजल्यावरच्या अमालियाबाईंना द्यावा. मी कामावरून आले की त्या जिन्यात नाकाला रुमाल लावून उभ्या राहत आणि मोठ्याने म्हणत की या बाईला औषधाचा वास मारतो, म्हणून हिच्याशी कोणी लग्न केले नाही. अमालियाबाईंनी एकदा जाऊन पाहावे की तो वास कशाचा होता.

त्या दिवसाबद्दल इथेच लिहिते, कारण पुढचे कलम त्यावाचून समजणार नाही.

संग्रहालय नेपल्समधल्या एका बंद पडलेल्या चर्चमध्ये मांडले आहे. आत अंधार ठेवला आहे आणि प्रत्येक बरणीला खालून उजेड दिला आहे. आमच्या संस्थेच्या कपाटांत ज्या बरण्या लॅटिन नावाची चिठ्ठी लावून दाटीवाटीने उभ्या असत, त्या इथे एकेकट्या, राण्यांसारख्या बसल्या होत्या. मी निळा झगा घातला होता. माझा हात धरून एर्मिनिओ लुब्रानो आला होता. तो याच बंदरावरचा मच्छीमार. मला लागणारे जीव त्याच्याच होडीतून येत.

माझ्या बरण्या मी लांबूनच ओळखल्या. अभिमान वाटला हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. जिथे पूर्वी मोठी वेदी होती तिथे माझे समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्रातला जीव, ठेवले होते, सगळ्या पाकळ्या उघडून. वस्तीतल्या बायकांना कोणी सांगितले नव्हते की इथे आता देव राहत नाही. त्या सवयीने आत आल्या होत्या, आणि एकीने माझ्या समुद्रघोड्यासमोर गुडघे टेकून चांदीचा एक छोटा कान ठेवला, जसा आपण कान बरा झाल्यावर संतापुढे ठेवतो. पहारेकरी तिला हटकायला निघाला. मी त्याला म्हटले की राहू दे, बहिऱ्याला ऐकू आले असेल तर आपले काय जाते.

समुद्रफुलाजवळ एक तरुण जोडपे कुजबुजत होते की हे काचेचे आहे, इतके नाजूक खरे असूच शकत नाही. एर्मिनिओला कुजबुजता येत नाही. त्याने आयुष्यभर एका होडीतून दुसऱ्या होडीत बोललेले आहे. तो म्हणाला, "काचेचं कसलं, पोरांनो. जिवंत होतं ते. माझ्या बादलीत माझ्याच बोटाला चिकटून बसलं होतं." मग त्याने चष्मा चढवला आणि खालची पाटी वाचली. पाटीवर लिहिले होते: 'उमलणे. कांदिदा स्कोत्तो यांची कृती.' त्याने ती दोनदा वाचली.

"आणि मी?" तो म्हणाला.

"तुझं काय?" मी म्हटले. "तू तर नुसता धूर सोडलास."

येताना बोटीत तो माझ्या शेजारी बसला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या दाराशी मासे आले नाहीत. बंदरावर भेटला की टोपीला हात लावी, जसा परक्या बाईसाठी लावतात.

कलम पाचवे. समुद्रफुलाची बरणी.

माझ्या खिडकीजवळच्या फळीवर जी बरणी आहे ती माझी सर्वांत चांगली कृती आहे. वेदीवरची तिच्यापुढे काहीच नाही. डॉक्टर बेनिनीबाईंनी ती पाहिली तेव्हा त्या खुर्ची ओढून तिच्यासमोरच बसल्या. त्यांना ती हवी आहे. एर्मिनिओलाही हवी आहे. तो म्हणतो की ती बंदरावरच राहावी, नेपल्सवाल्यांनी सगळेच नेले आहे.

आता धुराचे सांगते. समुद्रफूल फार मानी असते. जरा धक्का लागला की मूठ आवळते, आणि तसेच जतनाच्या औषधात गेले तर बरणीत फूल नाही, कोटाचे बटण दिसते. त्याला उमललेलेच झोपवावे लागते. त्यासाठी पाण्याच्या भांड्यावर घंटेच्या आकाराचे काचेचे झाकण पालथे घालतात आणि त्याच्याखाली नळीने तंबाखूचा धूर सोडतात, अगदी हळू, दुपारभर. धूर पाण्यात उतरतो. फुलाला गुंगी येते आणि ते मूठ आवळायचे विसरते. मग एका क्षणात उकळते औषध ओतायचे. तो क्षण माझा. तो क्षण ओळखणारे हात माझे, आणि याबाबत मी कोणाशी वाद घालणार नाही.

पण मी ओढत नाही. धुराने मला ठसका लागतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला नेहमी एर्मिनिओ असे, तोंडात चिरूट घेऊन. घाईने फुंकले तर फूल मिटते. थांबले तर जागे होते. एवढा अवखळ माणूस, पण नळी हातात घेतली की देवळात बसल्यासारखा बसे. आम्ही बोलत नसू, फूल बिचकते म्हणून. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या दुपारी मी त्या खोलीत घालवल्या आहेत.

अशाच एका दुपारी, फळीवरचे हे फूल औषधात गेल्यावर, त्याने मला लग्नाचे विचारले. तो म्हणाला, "हे वासाचं काम सोड. माझ्या घरी ये." मी म्हटले, "तू चिरूट सोड. मग बघू." तो हसला. "मी चिरूट सोडला तर तुझी फुलं कोण उमलवणार?" मी काम सोडले नाही, त्याने चिरूट सोडला नाही, आणि फुले उमलत राहिली. आता आमच्याकडे ती कला कोणी वापरत नाही, एर्मिनिओला खोकला असतो, तरी चिरूट तोंडात असतोच.

म्हणून ठरवते: बरणी संग्रहालयाला द्यावी, पण या अटीवर की तिच्याखालच्या पाटीवर, आणि वेदीवरच्या पाटीवरही, एकाच ओळीत आणि एकाच मापाच्या अक्षरांत लिहावे: 'हात: कांदिदा स्कोत्तो. धूर: एर्मिनिओ लुब्रानो.' डॉक्टर बेनिनीबाईंनी सुचवले की 'धूर'ऐवजी 'श्वास' लिहिले तर जास्त सुंदर दिसेल. दिसेल. पण तो धूर होता. अट मोडली तर बरणी ओर्तेन्सियाने परत आणावी. मी कोणाची माफी मागत नाही. जन्मभर मी चुकीच्या चिठ्ठ्या काढून बरोबर लावल्या, ही त्यांतली एक.

कलम सहावे. होडीघर.

माझ्या वडिलांचे धक्क्यावरचे होडीघर, जिथे एर्मिनिओची होडी माझ्या परवानगीने उभी असते आणि ज्यावर त्याचा डोळा आहे हे सगळ्या बंदराला माहीत आहे, ते एर्मिनिओ लुब्रानो याला द्यावे.

कलम सहावे रद्द. कारण खाली लिहिते.

आज नोटरींनी गेल्या महिन्यात लिहिलेला हा कागद मोठ्याने वाचला. समोर औषधांच्या दुकानाचे मालक श्री. तान्क्रेदी साक्षीदार म्हणून बसले होते, आणि एर्मिनिओला मी होडीघराचे ऐकायला बोलावले होते. पाचवे कलम संपेपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता. संपल्यावर म्हणाला की दुसरा साक्षीदार तो होणार. नोटरींनी समजावले की कायद्याप्रमाणे ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. पाटीवरचे नाव ही मालमत्ता नाही, पण होडीघर आहे. दोन्हींपैकी एक काय ते निवडा.

मी त्याला म्हटले की वेडेपणा करू नकोस, सही कोणीही करील, होडीघर घे.

"तुझं नाव खाली असणार ना?" त्याने विचारले.

"असणारच. मृत्युपत्र माझं आहे."

"मग होडीघर ठेव," तो म्हणाला. "पाटी तू मेल्यावर लागणार. मला आज तुझ्या शेजारी लिहायचंय."

नोटरींनी चष्मा पुसला. होडीघर ओर्तेन्सियाला द्यावे. तिथे कोणाची होडी उभी राहील याबद्दल मला तिला जे सांगायचे होते ते मी तिच्या कानात सांगितले आहे, आणि कानात सांगितलेल्याला कायदा लागत नाही.

हे सर्व मी वाचून, समजून आणि अभिमानाने कायम करते. माझ्या मागे कोणी याविरुद्ध तक्रार करू नये. केलीच तर आधी संग्रहालयात जाऊन माझ्या कामासमोर उभे राहावे आणि मग तोंड उघडावे.

ठिकाण: पोत्झुओली. दिनांक: ऑक्टोबरची नऊ तारीख.

सही: कांदिदा स्कोत्तो

साक्षीदार पहिला: तान्क्रेदी इझ्झो, औषधविक्रेता

साक्षीदार दुसरा, त्याच्या विनंतीवरून कांदिदा स्कोत्तो यांच्या सहीच्या ओळीतच: एर्मिनिओ लुब्रानो. धंदा: मासेमारी. चिरूट: गेल्या रविवारपासून सोडला आहे.