पुढच्या सीटवरच्या निर्मलाअक्कांना

सौ. निर्मलाअक्का,

साष्टांग नमस्कार.

आपली ओळख नाही. तुम्ही मला कधी पाहिलं नाही, आणि मीही तुम्हाला पाहिलं ते फोटोत, हार घातलेल्या. तरी नावाआधी सौ. लिहिलं आहे आणि ते चुकून नाही. तुम्ही कपाळावरच्या कुंकवासकट गेलात. ते काढून घेणारी मी कोण?

पत्र आजच लिहायला बसले, कारण उद्या सकाळी आम्ही लातूरला जाऊन आमच्या दीपालीला घेऊन येणार आहोत. सातवा सरत आलाय. पहिलं बाळंतपण, लेकीला माहेरी नांदेडला आणायचं. आणि आणायचं ते तुमच्या गाडीतून. कागदावर गाडी आमच्या ह्यांच्या नावावर झाली. पण माझ्या तोंडून अजून ‘आमची गाडी’ असं निघत नाही. म्हणून म्हणलं, आधी तुमच्याशी बोलावं.

गाडी घेतली तीच मुळी दीपालीसाठी. तिला एसटीचे धक्के कसे सोसणार? वेळी-अवेळी दवाखान्यात पळायचं झालं तर रिक्षावाल्याच्या मागं कुठं लागायचं? एजंट म्हणाला, लातूरच्या एका सरांची गाडी आहे, सेकंड हँड असली तरी घरच्यासारखी जपलेली. हे जाऊन बघून आले आणि घेऊनच आले. मी चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, पुढं हळदकुंकू वाहिलं. बाहेरून पांढरीशुभ्र दिसत होती. आत बसले तर एक वास आला. घाण नव्हे. कपाळाला बाम चोळून कुणी आत्ताच निजून उठलं असावं, तसा.

जावई फोनवर म्हणाले, दुकानात देऊन डिटेलिंग करून घ्या, आतून-बाहेरून नवी होते. दुकानदारानं जे पैसे सांगितले तेवढ्यात बाळंतिणीच्या डिंकलाडवांचं सगळं सामान येतं. मी म्हणलं, दिवाळीला माळ्यावरचा एकेक डबा उतरवून घासणारी बाई मी, गाडी काय घराहून मोठी आहे? दुसऱ्या दिवशी पदर खोचून अंगणात बसले.

पायाखालची मॅटं काढून आपटली. दात घासायचा जुना ब्रश सगळ्या खाचांतून फिरवला. वारं येतं त्या जाळ्यांत काडीला कापूस गुंडाळून घातला, तो काळाकुट्ट होऊन बाहेर आला. डॅशबोर्डला खोबरेल चोळलं. असा लखलखला म्हणता! आणि जेवणं होईस्तोवर अंगणातली सगळी धूळ त्याच्यावर येऊन बसली. हे ओट्यावर पेपर वाचून राहिले होते. चष्म्यावरून बघून म्हणाले, “तेल लावलंस, आता वेणी पण घाल तिची.”

हसले मी, अक्का. तोपर्यंत हसतच होते.

मग पुढच्या सीटवर बसून वरची उन्हाची फळी खाली ओढली. आत आरसा होता आणि आरशाच्या कडेला टिकल्या. मरून रंगाच्या, एकीखाली एक लावलेल्या. आपण बायका न्हाणीच्या आरशाला लावून ठेवतो ना, तशाच. सगळ्यांचा डिंक वाळून गेलेला, शेवटचीचा मात्र अजून बोटाला चिकटत होता. माझा हात तिथंच थांबला. कुणाच्या घरात न विचारता शिरावं आणि तिच्या आरशात आपलं तोंड दिसावं, तसं झालं. बेल्टच्या खटक्यात एक पांढरा केस गुंतला होता. ओढला, तर सीटच्या फटीतून येतच राहिला, येतच राहिला.

टिकल्या काढल्या असत्या. पण टाकू कुठं? केरात? सवाष्णीचं लेणं केरात टाकायला माझा हात होत नाही. जाताना तेवढं तरी आवरून जायचं होतं हो तुम्ही.

त्या तशाच ठेवून मागच्या सीटकडं वळले. कव्हर काढलं, तर खाली हा एवढा मोठा डाग. मळकट, कशाचा ते कळेना. सोडा आणि साबणाचं पाणी ओतून ब्रशनं घासायला लागले आणि फेस लाल झाला. आधी विटेसारखा, मग गडद. बोटांतून ओघळून मनगटापर्यंत आला. मी घासलं तेवढं ते वर यायला लागलं.

नळाखाली हात धुतले. परत धुतले. मग ह्यांना हाक मारली. ह्यांनी डागाकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं, आणि तिथंच मला कळलं की ह्या माणसाला काहीतरी माहीत आहे.

“सरांची बायको वारली म्हणून विकली गाडी,” हे म्हणाले. “तुला सांगितलं असतं तर घेऊ दिली असती का?”

“कुठं वारली?”

“ते मी विचारलं न्हाई.”

टायर विचारले, ॲव्हरेज विचारलं, इन्शुरन्स विचारला. आणि हे विचारलं नाही! मी सांगून टाकलं, माझी लेक ह्या गाडीत बसणार नाही, विकून टाका. तर म्हणाले, विकली तरी घेणारा कुणाच्या तरी लेकीचा बापच असंल की. खोटं नव्हतं ते. राग मात्र तसाच राहिला.

दिवेलागणीला गाडी फाटकाच्या आत घ्यायची म्हणून ह्यांनी चालू केली, आणि ती वाजायला लागली. पुढं शेजारी बसणाऱ्यानं बेल्ट लावला नाही की वाजते तशी, टुं टुं टुं. सीटवर कुणी नव्हतं. मी समोर उभी होते, रिकामी सीट मला दिसत होती, आणि गाडी तिथं कुणी बसलंय असं सांगत होती. मेकॅनिक म्हणाला, काकू, तुम्ही पाणी लई ओतलंत, सीटखालची वायर भिजली, उन्हात ठेवा म्हणजे थांबतंय. ठेवली. थांबलं. पण देवापुढं जपाला बसले की माळेच्या प्रत्येक मण्याला मला तेच ऐकू यायचं.

शेवटी मीच म्हणलं, चला सरांकडं. त्यांच्या तोंडून ऐकते, मग काय ते ठरवू. मागच्या सीटवर तो लाल डाग, म्हणून मी पुढं बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. मी नामस्मरण करत होते आणि डोळ्यांसमोर अपघाताची चित्रं.

तुमच्या गल्लीत वळलो तेव्हा सर दारातल्या खुर्चीवर बसले होते. गाडीचा आवाज ओळखला असावा त्यांनी. उठले. चप्पल न घालताच फाटकाशी आले. काचेवर ऊन होतं, आतलं तोंड काही दिसत नसणार. पुढच्या सीटवर बाई बसलीय, पदर खांद्यावर, एवढंच दिसलं असेल. अक्का, त्या वेळचा त्यांचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. देव्हाऱ्यात निरांजन लावल्यावर मूर्ती उजळते तसा उजळला. आणि मी काच खाली केली.

गेला तो उजेड. अगदी माझ्यासमोर गेला. मी काच का खाली केली? थोडी आणखी तशीच बसले असते तर काय बिघडलं असतं?

सरांनी आम्हाला आत नेलं, चहा स्वतः केला. साखर घालायची विसरले, आम्ही तसाच प्यालो. भिंतीवर तुमचा फोटो, खाली नाव. मुलगा पुण्याला असतो, गाडी विकायला त्यानंच लावली, असं म्हणाले. आणि सरांनी एजंटाला बजावलं होतं, गाडी लांब द्या, लातूरच्या रस्त्यावर मला दिसायला नको.

मी धीर करून डागाचं विचारलं. फेस लाल झाला ते सांगितलं. सर जरासे हसले.

“हळद हाय ती. हिचं माहेर मुदखेडचं. दरसाली भावाच्या शेतातली हळद घेऊन यायची, गल्लीभर वाटायची. मागच्या खेपेला पोतं फुटलं. लई बोललो मी तिला.”

मी कपाळाला हात लावला. हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवला की लाल होतो, हे शाळेत बाईंनी माझ्याच हातून करून घेतलं होतं. ह्यांच्या सदऱ्यावरचे वरणाचे डाग धुताना रोज बघते. आणि मी हळदीला रक्त समजले! ह्यांचा जीव भांड्यात पडला. हे उठायलाच लागले.

तेवढ्यात सर म्हणाले, “मागं नव्हती ती. पुढं होती.”

कोण, असं विचारायची गरजच नव्हती.

दवाखान्यात नेताना तुम्हाला दम लागला होता. बेल्ट गळ्याशी येतोय म्हणालात. सरांनी एका हातानं तो सोडला, आणि गाडी वाजायला लागली. पुढं रस्त्यात गर्दी, शेजारी तुमचा श्वास, आणि ते टुं टुं.

“मी गाडीवर वरडलो. गप बस की म्हणलो. ती गप झाली. गाडी वाजूनच राहिली.” सर चहाच्या कपात बघत होते. “तिला वाटलं असंल, मी तिलाच म्हणलो.”

आमच्या फाटकात गाडी रिकाम्या सीटसाठी वाजली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. वायर भिजली होती, हे खरंच आहे. पण ते त्यांच्या तोंडावर सांगायला मला जमलं नसतं.

निघताना सर परत फाटकापर्यंत आले. पुढच्या दारावर हात ठेवून उभे राहिले. ह्यांनी गाडी चालू केली तरी हात काढला नाही. मला म्हणाले, “काच उघडी ठेवा. तिला वारं लागतं.”

लागायचं, असं नाही म्हणाले. लागतं, म्हणाले.

गल्ली संपल्यावर हे हळू आवाजात म्हणाले, “मागं बस तू.” मी हलले नाही. काच उघडी ठेवून नांदेडपर्यंत आले. केसांत, डोळ्यांत धूळ. पाठ टेकायला मन होईना, म्हणून कितीतरी वेळ ताठ बसले, मग थकले आणि टेकली. टेकल्यावर वाटलं, ही सीट माझ्या मापाची नाही. कुणीतरी बसून बसून तिला आपला आकार दिलाय.

भीती गेली असं मी लिहिणार नाही. देवाला खोटं चालत नाही आणि तुम्हालाही चालणार नाही. आज गाडी परत पुसली, कोरड्या फडक्यानं. आरशाची काच टिकल्यांच्या भोवतीनं पुसली. मग पुढच्या सीटवर पाट मांडल्यासारखा धुतलेला पंचा अंथरला आणि तुमची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. हे बघून गेले. थोड्या वेळानं येऊन म्हणाले, दीपालीसाठी भाड्याची गाडी सांगू का? मी नको म्हणलं.

का नको म्हणलं ते नीटसं सांगता येत नाही. पण एक गोष्ट मनात येते. सरांनी गाडी लांब द्या म्हणून सांगितलं, आणि ती आली कुठं, तर नांदेडला. मुदखेड इथून असं कितीसं लांब? माझी लेक माहेरी येते, तशाच तुम्हीही आलात, असं मला धरायचंय. आलेल्या माहेरवाशिणीला दारातून परत कसं लावू?

दीपालीला यातलं काही ठाऊक नाही. बाळ हातात आल्यावर मी स्वतः सांगीन. तिच्यापासून लपवणार नाही, माझ्यापासून लपवलं तसं. सकाळी फोनवर म्हणाली, “आई, मी पुढंच बसणार गं. मागं मला मळमळतंय.” मी हो म्हणलं. माझ्या आवाजावरून तिला काही कळलं नसावं.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. अक्का, सर ते ‘गप बस’ गाडीला म्हणाले होते. तुम्हाला नाही. मी त्यांच्या समोर बसून ऐकलंय, त्यांचा चेहरा पाहिलाय. तुम्ही ते मनात घेऊन गेला असाल तर काढून टाका. त्यांना हे तुमच्यापर्यंत पोचवता येत नाही, म्हणून मी पोचवते.

पितरपाठातल्या अविधवा नवमीला माझ्या घरी दरवर्षी तुमच्या नावानं सवाष्ण जेवेल, मी असेपर्यंत, आणि माझ्यानंतर दीपाली करील. गाडी आमची झाली म्हणून तुम्हाला उतरा असं ह्या घरात कुणी कधी म्हणणार नाही, हा माझा शब्द. फक्त उद्या माझी लेक दार उघडेल, तेव्हा तिच्यापुरतं थोडं सरकून बसा.

तुमच्या माहेरच्या वाटेवर राहणारी,
मंगल