अकरावी चिठ्ठी

इचोडा,
ता. १२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. दुपारी २ वाजून १० मिनिटे. जिनिंगच्या वजनकाट्यावर बसून, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात.

ती. प्रगतीताईस,
धम्मदीपचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर बोललो की आई शेजारी येऊन ऐकते, म्हणून पत्र. तिचे पोट ऑगस्टपासून सहा वेळा दुखले. तारखा व वेळा सोबत जोडल्या आहेत.

जिनिंगच्या कामगारांना, म्हणजे आईलाही, आरोग्य कार्ड मिळाले तेव्हा मला आनंद झाला होता. आता कळते की कार्डावर एकच डॉक्टर ठरलेला, आपले अमृतराव डॉक्टर. त्यांच्या चिठ्ठीशिवाय आदिलाबादचा दवाखाना कार्ड हातातही धरत नाही. ते दर वेळी पित्ताच्या गोळ्या देतात. शेवटी मी पदरच्या पैशाने सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन लवकर करा असे सांगितले. तो रिपोर्ट दाखवला तर अमृतराव म्हणाले की गोळ्या चालू ठेव, जानेवारीत ये, तेव्हा चिठ्ठी देतो.

खडे काय कॅलेंडर पाहून थांबणार आहेत? तू नागपूरला दवाखान्याच्या बिलाच्या खिडकीवर बसतेस, तुला यातले कळते. माणूस चांगला आहे, मग असा काऊन करून राह्यला?

उत्तराची वाट पाहणारा,
धम्मदीप

नागपूर,
१७ नोव्हेंबर

चि. धम्मदीपास, अ. आ.

तुझी यादी पाहिली. पोटदुखी सुरू ४.१५, बंद ५.४०. बाबा रे, आमच्या साहेबांनाही इतके जमत नाही.

जानेवारीचे सांगते. ही कार्डाची विमा कंपनी डॉक्टरांना तपासणीमागे पैसे देत नाही, कार्डामागे देते. महिन्याला तीस रुपये, माणूस आला तरी तीस, न आला तरी तीस. सहाशे कार्डे धर, अठरा हजार झाले. औषध त्यातच, कंपाउंडर त्यातच. शिवाय तीन महिन्यांत दहाच चिठ्ठ्या द्यायच्या. अकरावीपासून प्रत्येकी पंधराशे त्यांच्या पैशातून कापतात. त्यांच्या दहा संपल्या असणार, नवा हिशेब जानेवारीत. दवाखान्यांनाही ऑपरेशनचा ठरलेला आकडा मिळतो, म्हणून आम्हीही पेशंटला तिसऱ्या दिवशी घरी पाठवतो. मी काही धुतल्या तांदळाची नाही.

पण खडा नळीत अडकला तर भारी पडेल. आईला हे सगळे समजावून तिलाच पुढे कर. तिच्या तोंडावर ते नाही म्हणणार नाहीत.

तुझी ताई

इचोडा,
ता. २२ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ७ वाजून ५ मिनिटे. कामावर निघण्याआधी, दार लावून.

ती. ताईस, सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझे ऐकले आणि फसलो. आईला मी हिशेब कागदावर मांडून दाखवला. तिने शांतपणे ऐकला आणि म्हणाली की मग मी जातच नाही. प्रगतीच्या टायफॉइडच्या वेळी डॉक्टरने आपला एक रुपया घेतला नव्हता, आता त्याच्या पोटावर पाय कशी देऊ. मी चिडून विचारले की त्याचे पंधराशे मोठे की तुझा जीव मोठा. तर म्हणे, माहा जीव माह्या घरचा आहे, पैसे त्याच्या घरचे.

आता ती दुखले तरी सांगत नाही. काल दुपारी कापसाच्या गंजीआड पोट धरून बसलेली मी काट्यावरून पाहिली. धावत गेलो तर म्हणाली, कमरेत उसण भरली, तू आपला काटा पाह. माझी यादी तिथेच थांबली आहे. मी कोणाशी भांडू, ते कळव.

धम्मदीप

नागपूर,
२६ नोव्हेंबर

चि. धम्मदीपास, अ. आ.

चूक माझी. आई अजून माझा टायफॉइड फेडते आहे हे मला माहीत नव्हते. आता तिला काही समजावू नकोस. डॉक्टरांकडे जा, भांडू नकोस, ती बोलली ते शब्दाला शब्द सांग. रजेचा अर्ज टाकला आहे.

ताई

आदिलाबाद,
ता. ५ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ११ वाजून २० मिनिटे. दवाखान्यात आईच्या खाटेजवळ बसून.

ती. ताईस, सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर ऑपरेशन झाले एवढेच बोलता आले, बाकीचे लिहितो. शनिवारी तुझे पत्र मिळाले आणि मी अमृतरावांकडे गेलो. बाहेर वीस माणसे बसली होती. मी आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ते माझ्यावरच ओरडले की असला हिशेब पेशंटला सांगतात काय, अक्कल आहे का तुला. ओरडता ओरडता चिठ्ठी लिहिली. कंपनीने मंजुरीला आणखी दोन दिवस घेतले आणि एक रक्ततपासणी वाढवली, ती कार्डात बसत नाही. तोवर आईला ताप चढला होता. मंगळवारी ऑपरेशन झाले. आज तिसरा दिवस, संध्याकाळी घरी जा म्हणतात. अजून तिला धरल्याशिवाय उठता येत नाही.

आईला बोलता यायला लागले तसे तिने डॉक्टरांना फोन लावायला सांगितले. ते म्हणाले की माझे काहीच कापले नाही. तिने फोन ठेवला आणि म्हणाली की डॉक्टर लबाड बोलून राह्यला. मी म्हणालो की त्यांनी तुला तीन महिने गोळ्यांवर ठेवले, त्याचे काय. त्यावर तिने मला हिशेबाची वही काढायला लावली.

माया आहेच, ती तशीच ठेव. रजा मिळाली की ये.

तुझा धम्मदीप

खर्च: सोनोग्राफी १,१००. रक्ततपासणी ४५०. कार्डात न बसणारी औषधे ८४०. बस व जेवण ५६०. एकूण रुपये २,९५०.

देणे: अमृतराव डॉक्टर, रुपये १,५००. मला मान्य नाही. आईने सांगितले म्हणून लिहिले.