पांढऱ्या दोऱ्याची बाटली

४ एप्रिल
रेवदंडा. पहाटेची ओहोटी. तटाखालचे खडक उघडे. माधवी पुढे, मी पिशवी घेऊन मागे. लग्नापासून समुद्रावर माझं काम पिशवीचंच.
दोन डबकी, उत्तरेचं आणि दक्षिणेचं. दोन्हींच्या तळाशी प्रवाळ. तपकिरी, खपलीसारखं खडकाला चिकटलेलं. फोटोत बघतो तसं काही नाही.
उत्तरेला लाल दोऱ्याची बाटली ओतायची. गेल्या उन्हाळ्यात तगलेल्या एका प्रवाळावरचे जिवाणू, माधवीने प्रयोगशाळेत वाढवलेले. दक्षिणेला पांढऱ्या दोऱ्याची. तिच्यात नुसतं गाळून उकळलेलं समुद्राचं पाणी. पाणी तापलं की कोणतं प्रवाळ आधी पांढरं पडतं, ते बघायचं. परवानगी पावसापर्यंत. पुन्हा मिळेल असं तिला वाटत नाही.

७ एप्रिल
हिराबाई खडकावर कालवं फोडत होती. शेजारीण. तिचे मासळी वाळवायचे बांबू आमच्या कुंपणाला लागून.
"बाय, तुजी पोरा कशी हान?"
पोरं म्हणजे प्रवाळ. आम्हाला मूल नाही, हे तिला ठाऊक आहे. माधवी हसली.

१९ एप्रिल
दक्षिणेच्या डबक्यात कडा फिकट.
प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ असतं, त्याच्यावर ते जगतं. पाणी तापलं की तेच बाहेर टाकतं. मग पांढरं. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे, उपाशी. असं माधवी म्हणते.
उत्तरेचं अजून तपकिरी. घरी येऊन माधवीने पोहे दोनदा वाढून घेतले.

२१ एप्रिल
काल पाय घसरला तिचा. घोटा मोडलाय. अलिबागला प्लास्टर घातलं. पावसापर्यंत खडक बंद.
पुढच्या उधाणाच्या ओहोटीला, बाटल्या ओतायच्या वेळी, मी पनवेलला, पेपर तपासायला. टाळता येईना.
हिराबाई म्हणाली, "मी जातंच हाय कालवांना. दे इकरं." माधवीने दोनदा सांगितलं. लाल उत्तरेला, पांढरा दक्षिणेला. हिराबाईने मान डोलावली.

५ मे
पनवेल. माधवीचा फोन. हिराबाईने गेले चार दिवस बाटल्या ओतल्या, मोबाइलवर फोटोही काढून आणले. दक्षिणेचं पांढरं पसरायचं थांबलंय.
"चांगलं ना?"
"थांबायला नको होतं."

८ मे
घरी. हिराबाई ओट्यावर बसलेली. माधवीने सहज विचारलं, पांढऱ्या दोऱ्याच्या बाटल्या भरलेल्याच कशा परत आल्या?
"त्यान नुस्ता पानीच ना?"
"हो."
"मंग तिथं काय पानी कमी हाय? लालमधला अर्धा याला दिला, अर्धा त्याला. येके पंगतीला बसलेली दोघा. येकाच्या पानान भात वाढायचा नि दुसऱ्यानं बघाचा? त्यान तो आजारी. मना नाय जमला."
माधवी म्हणाली, चहा घेऊन जा.

९ मे
आता तुलनेला काही उरलं नाही. दक्षिणेचं तगलं तर कशाने तगलं, सांगता येणार नाही. उत्तरेचं गेलं तर डोस अर्धा पडला म्हणून की जिवाणूंतच दम नव्हता म्हणून, तेही नाही.
मी म्हटलं, हे वाटून घालणं अहवालात लिहूच नकोस. कुणाला कळणार आहे?
"मग दोन्हींत फरक नाही असं दिसेल. म्हणजे जिवाणू कुचकामी. ते मी माझ्या सहीने सांगू?"
तिसरं डबकं घ्यायला उशीर झालाय. बाकीची सगळी पांढरी.
हिराबाईचा राग येतो. मग वाटतं, तिच्या जागी मी असतो तर?

१६ मे
फ्रीजमध्ये चार लाल बाटल्या. पांढऱ्या माधवीने मोरीत ओतल्या.
"आता प्रयोग नाही. नुसतं औषध. आहे तेवढं दोन्हीकडे."
हिराबाईला सांगायला मी गेलो. सुकट उलथत होती.
"मास्तर, बाय रागावली ना माज्यावर?"
माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही.
"जेवते ना पन?"
जेवते म्हटलं. हे खोटं.

१८ मे
मी आणि हिराबाई. पहाटेसुद्धा पाणी पायांना कोमट लागतं. खडकावर कालवं आ वासून मेलेली. वास.
दक्षिणेचं होतं तसंच. उत्तरेच्या डबक्यात पहिला पांढरा डाग.
"हा पन?" हिराबाई म्हणाली.
"हा पण."
एक बाटली इकडे, एक तिकडे. ती गुडघ्यांवर हात ठेवून पाण्यात बघत राहिली. टोपली रिकामीच होती तिची. मी म्हटलं, चला, भरती लागली. तरी उठेना.
घरी माधवी खिडकीशी, प्लास्टरचा पाय स्टुलावर.
"उत्तरेचं?"
सांगितलं.
"केवढा?"
अंगठा आणि बोट फाकवून दाखवलं. तिचा चेहरा बघून बोटं थोडी जवळ आणली.
"खरं सांग."
पुन्हा फाकवली.