धुतलेल्या चिंध्यांचा टेंभा

बा, आज दवाखान्याच्या मागे एका म्हातारीची गोधडी जाळली आणि तू आठवलास. चांगल्या कारणानं आठवलास असं समजू नकोस. मी लिहायला शिकले हे तुला ठाऊक नाही. अकोल्याच्या या दवाखान्यात मी दाईचं काम करते. डॉक्टरच्या बायकोनं मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली तेव्हा माझी तिशी उलटून गेली होती. हात वळायला लागला तेव्हाच ठरवलं होतं की तुला एकदा लिहायचं. तोंडानं बोलायची वेळ आली असती तर मी बोललेच नसते, नुसती थुंकले असते. माय पटकीनं गेली असं तू गावाला सांगितलंस, आणि पटकीच्या साथीत कोण कुणाला विचारतो? गावानं मान डोलावली. पण माय तुझ्या टेंभ्यापायी गेली, बा. ते तुला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते आहे.

उजेडाची पारख तुझ्याएवढी पेढी नदीच्या काठावर दुसऱ्या कुणाला नव्हती, हे मी आजही नाकारत नाही. वलगावच्या खालच्या अंगाला उन्हाळ्यात नदी आटून डोहच तेवढे उरायचे, आणि रात्री त्या डोहात उजेड घेऊन उतरणारे भोई पुष्कळ होते. पण त्यांच्या टोपलीत झिंगे आणि तुझ्या टोपलीत मरळ. तू म्हणायचास, "मासा उजेडाले भीत नाई, हालत्या उजेडाले भिते." वारा असला की करंजाचं तेल, कारण त्याची ज्योत जाड आणि चिवट. वारा पडला आणि पाणी निवळ असलं की तिळाचं, कारण त्याचा उजेड थेट तळाशी पोचतो. आणि काहीही झालं तरी टेंभ्याची चिंधी धुतलेली हवी. घामाची, मिठाची, मळाची चिंधी पेटली की तडतडते, ठिणगी उडते, आणि मरळ शेपटी मारून खोल जातो. एकदा मी कंटाळा करून चिंध्या न धुताच गुंडाळल्या होत्या. त्या रात्री टेंभा तडतडला, हातभर लांबीचा मासा गेला, आणि घरी येऊन तू माझ्या कानाखाली जाळ काढलास. "अवं, चिंधी धुतली नाई तं उजेड थुंकते, समजलं काय?" समजलं. तेव्हापासून चिंध्या धुणं माझं काम आणि टेंभा धरणं तुझं. माय आपली जाळी विणायची, भाकऱ्या थापायची आणि आपल्या दोघांची भांडणं मिटवायची.

मग कापसाचं ते खूळ आलं. कुठं दूर गोऱ्यांच्या मुलखात लढाई जुंपली म्हणे, आणि आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी ज्वारीचं रान मोडलं, तिळाचं रान मोडलं, जिकडे बघावं तिकडे कापूस. तिळाचं तेल दिसेनासं झालं. त्याचं तुला काही वाटलं नाही, नदीकाठच्या करंजाच्या शेंगा कुणाच्या बापाच्या नव्हत्या. पण चिंध्या संपल्या, बा! लोकांनी उशा फाडल्या, बापजाद्यांच्या गाद्या उसवल्या, काळा पडलेला कापूस पिंजून नव्यात मिसळला आणि बाजारात नेऊन विकला. फाटकं लुगडं टाकायचं कुणी नाव घेईना. मला त्या लोकांचीही किळस यायची. पोराच्या अंगाखालची दुपट्याची घडी उसवणारी बाई मी डोळ्यांनी पाहिली आहे. आणि नेमका त्याच वर्षी अमरावतीच्या वाटेवर कापसाच्या गाठी बांधणाऱ्यांचा तळ पडला, त्यांचा खानसामा रोज सकाळी दोन टोपल्या मासे मागायला लागला, आणि तुझ्या डोक्यात हवा गेली. मासा होता, तेल होतं, गिऱ्हाईक दारात उभं होतं. फक्त टेंभ्याला गुंडाळायला वीतभर कापड नव्हतं.

तू ते मसणवट्यातून आणलंस. मेलेल्याचं अंथरूण-पांघरूण नदीच्या त्या काठावर टाकायचं आणि मागे वळून बघायचं नाही, ही आपल्याकडची रीत. मसणवट्याचं काम करणाऱ्या ज्या लोकांचा त्या कापडावर हक्क होता तेसुद्धा त्या साथीत पटकीच्या घरची गोधडी उचलत नव्हते. तू उचललीस! काखोटीला मारून भर दुपारी घरी आणलीस, आणि मायनं "हे कोणाच्या घरचं होय?" म्हणून विचारलं तर म्हणालास, "आगीले काय समजते कोणाचं होय ते? जायाचंच हाय." खरं बोललास. जाळायचंच होतं. तशीच्या तशी तेलात बुडवून जाळली असतीस तर कुणाचं काही गेलं नसतं. पण तू पडलास कसबी माणूस, तुझा उजेड थुंकता कामा नये! म्हणून ती आधी धुवायची. आणि नदीवर धुवायची नाही, कारण लोक बघतील. अंगणात, आपल्या आंघोळीच्या गंगाळात.

ती गोधडी मायनं धुतली. मी बघत होते. पाण्यावर भाताच्या पेजेसारखा पांढरा थर आला होता आणि वास अंगणभर पसरला होता. मायनं नाकाला पदर लावला, तीनदा पाणी बदललं, गोधडी उसवून निघालेली फडकी पिळून कुडावर वाळत घातली. मग हात खळबळून चुलीपाशी गेली आणि भाकरीचं पीठ भिजवलं. आपण दोघांनी त्या भाकरी खाल्ल्या आणि आपल्याला काही झालं नाही. काहून झालं नाही, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मायला उलट्या-जुलाब सुरू झाले. मी तुझे पाय धरले. "बा, आज नको जाऊ ना." तू म्हणालास, "खानसामा सकाळी येऊन उभा राहीन, त्याले काय सांगू? मीठ-पाणी पाजत राय, मी आलोच." मी तिला पाजत होते, ती टाकत होती. मधे एकदा तिनं दार उघडायला लावलं, तिला वारा हवा होता. दारातून डोह दिसायचा. तुझा टेंभा पाण्यावर जळत होता, पिवळा, एका जागी. रात्रभर तो एकदाही तडतडला नाही. पहाटे तू दोन टोपल्या भरून आलास तेव्हा मायचे डोळे खोल गेले होते आणि हाताची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. तू टोपल्या खाली ठेवल्या नाहीस. खानसाम्याची वाटही न बघता आधी तळावर जाऊन मासे पोचवून आलास.

आणि माय गेल्याच्या तिसऱ्या रात्री तू उरलेल्या फडक्यांचा टेंभा घेऊन पुन्हा डोहात उतरलास. मी विचारलं तर म्हणालास, "तेल पेलेलं कापड हाय, वाया काहून घालवू?" बाप्पा! माणसाची कातडी तरी किती जाड असावी? त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलले नाही. महिन्याभरात सासरी गेले. पुढे तू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जातं थांबवलंसुद्धा नाही.

आज डॉक्टर नव्या पोरींना सांगत होते, "पटकीच्या रोग्याचं कापड धुवायचं नाही, जाळायचं. धुणाऱ्याच्या हाताला लागतं ते." पोरी ऐकत होत्या, मी म्हातारीच्या गोधडीवर तेल ओतत होते, आणि ती निथळायला लागली तरी मी थांबले नाही, तेव्हा एकीनं माझ्या हातातली बाटली काढून घेतली. आजवर मी सासरी सांगितलं, पोरांना सांगितलं, या दवाखान्यात सांगितलं की माझ्या बापानं माझी माय मारली. लोक च् च् करतात, मला बरं वाटतं.

हे पत्र कुठं धाडणार? वाचून दाखवावं असंही कुणी नाही, आणि असतं तरी पुढचं वाचलं नसतं. धुणं माझं काम होतं, बा. ती गोधडी तू माझ्याच पुढ्यात टाकली होतीस. मला तिची शिसारी आली, म्हणून मी मायला म्हटलं की मला कावळा शिवला, आणि अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बाजूला बसले. ती उठली आणि तिनं पदर खोचला. मला कावळा शिवला नव्हता.