शेजारची बंडी

पिपरी मेघे, माहेरून

सिंदीचे मोठे कापूसव्यापारी धीरजराव,

तिसऱ्या महिन्यात माही एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह आली. नर्सबाईनं तुमालेही बोलावलं, तर तुमी माहा रिपोर्ट खिशात घातला अन् म्हणाले, "हिचं रक्त साफ, म्हणजे माहंबी साफ." दोस्ताइले दाखवत फिरले! शेजारची बैलबंडी पाहून या बंडीतला कापूस घेता का कधी? तिथं तर कोपरापर्यंत हात खुपसता. बाहेरगावी कुठं झोपता, मी विचारत नाई. पण आता मले लागण झाली तर पोटातल्या लेकरालेही होऊ शकते. म्हणून सुईले भेणाऱ्या माणसाजवळ मी झोपत नाई. आज सातव्यात परत रक्त दिलं. हे पत्र पाठवत नाई. माहा कागद दिसला का तुमी खिशात घालता.

तुमच्या खिशातल्या रिपोर्टावर जिचं नाव आहे ते,
उज्वला