हिरव्या समुद्रासाठी माझा तिसरा हिस्सा

मी, नसीबा, अविवाहित, मूळ रत्नागिरीची, राहणार वादी अदाई, मस्कत. आजारी आहे, पण डोके ठिकाणावर आहे आणि मी कोणाच्याही धाकात नाही. माझ्या माघारी पुढीलप्रमाणे करावे.

१. मला इथेच दफन करावे. पेटीत घालून गावी नेऊ नये. इथले घर भाड्याचे आहे, त्यावरून भांडायची सोय नाही.

२. माझे एकमेव वारस थोरले बंधू तौहीद. शरियतप्रमाणे तीनातले दोन हिस्से त्यांचे, त्यात मी ढवळाढवळ करत नाही. तिसरा हिस्सा माझ्या मर्जीचा, आणि मर्जी अजून शाबूत आहे.

३. तो तिसरा हिस्सा, माझ्या सूक्ष्मदर्शकासह, तौहीद यांची मुलगी समरीन हिला. ती इथे समुद्रविज्ञान शिकते. येत्या एप्रिलमध्ये उत्तरेच्या थंड समुद्रात जाणाऱ्या संशोधन जहाजावर तिला बोलावले आहे. वडील नको म्हणतात. हे पैसे त्या प्रवासाचे आणि पुढच्या शिक्षणाचे. लग्नाच्या जेवणात किंवा रत्नागिरीच्या घराच्या स्लॅबमध्ये ते गेले, तर मी कयामतच्या दिवशी हिशेब मागेन. व्यवहार माझी मैत्रीण जमिला पाहील.

असेच बोलावणे मलाही आले होते. तिकडे हिवाळाभर वादळे तळाचे खत वर आणतात. मग ऊन परतते, आणि पाण्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती अशा फोफावतात की अख्खा समुद्र हिरवा होतो. तिथले सारे मासे त्यावर जगतात. मी तेव्हा सुट्टीवर गावी होते. तौहीद म्हणाले, "पाणी बघायला इतक्या लांब कशाला? हय दर्या नाय काय?" आणि माझा पासपोर्ट लोखंडी कपाटात बंद केला. जहाज सुटल्यावर परत दिला, कारण माझा मस्कतचा पगार घरी लागत होता. पुढे जन्मभर मी इथल्या समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पात नोकरी केली. हिवाळ्यात इथलाही समुद्र हिरवा होतो, पण आमच्या जाळ्या तुंबतात म्हणून सगळे त्याला शिव्या घालतात. मी एकटी खूश असायची.

समरीन विचारते, "फुफी, अब्बा नो बोलला तर?"

तर त्याला हा कागद दाखव. खलास. मी असले तर स्वतः विमानात बसवीन, नसले तर हा कागद बसवील.

४. ते कपाट माझ्याच पहिल्या पगारातले. ते तौहीद यांच्या हिश्श्यात जावे. त्याची किल्ली मात्र मी मागून घेतली आहे, ती समरीनची. तिने ती समुद्रात टाकू नये, समुद्र कचराकुंडी नव्हे. पासपोर्टसोबत पर्समध्ये ठेवावी.

सही: नसीबा
साक्षीदार: गुरुदत्त (शेजारी), सही. जिब्रान (प्रकल्पातले सहकारी), सही.
मस्कत, १९ जानेवारी २०२५